पासपोर्टची फाईल पोलीस पडताळणीत का अडकते? किनाऱ्यावरच्या गावांतलं दरवर्षीचं दुखणं

कागद सगळे बरोबर, सेवा केंद्रावरचे तिन्ही काउंटर पार पडले, बोटांचे ठसे झाले, फोटो झाला, पावती हातात आली. आणि मग फाईल पोलिसांकडे जाऊन बसते. काही आठवड्यांनी स्टेटस बघावं तर पोलीस अहवाल क्लिअर नाही. घरात कुणावर केस नाही, कुणाशी भांडण नाही, मग झालं काय? मालवण, देवगड, वेंगुर्ला, गुहागर, दापोली, किनाऱ्यावरच्या कुठल्याही पर्यटनाच्या गावात जो झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो, त्याच्या टेबलावर हा प्रश्न सतत येत असतो. सीझनमध्ये तर जास्तच.

आमच्याकडे फाईल कागदांमुळे क्वचित अडकते, अडकते ती पत्त्यामुळे. पत्ता खोटा असतो असं कुणाचं म्हणणं नाही. घर खरं, घरपट्टी खरी, आधार खरं. पण हवालदार दारात येतो तेव्हा अर्जदार तिथे नसतो, आणि दार उघडणारं माणूस जे बोलतं तेच अहवालात जातं.

आधी स्टेटस नीट बघा

बरेच जण स्टेटस बघताना एआरएन टाकतात आणि माहिती सापडत नाही म्हणून घाबरतात. एआरएन हा ऑनलाइन अर्जाचा नंबर. केंद्रावर जाऊन आल्यावर जी पावती मिळते तिच्यावर फाईल नंबर असतो, दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा. तो आणि जन्मतारीख टाकली की फाईल कुठे आहे ते कळतं.

तिथे साधारण तीन प्रकार दिसतात. पडताळणी सुरू आहे, म्हणजे फाईल जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून तुमच्या ठाण्याकडे जाते आहे किंवा तिथे पडून आहे. यासाठी तीनेक आठवडे धरून चाला. दुसरा प्रकार, अहवाल अपूर्ण: माणूस भेटला नाही, कागद दिले नाहीत, पत्ता सापडला नाही. तिसरा, अहवाल प्रतिकूल, म्हणजे ॲडव्हर्स. यात केस असणारे येतात, पण 'अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा पडलेलेही यातच येतात. शब्द वाचून धसका घेऊ नका. बहुतेक वेळा शेरा एका ओळीचा असतो आणि ती ओळ दुरुस्त होण्यासारखी असते.

दारात नेमकं काय होतं

समजा मुलगा पंचवीस वर्षांचा. आधार गावातलं, मतदान गावात, पण ऑक्टोबर ते मे तो गोव्यात हॉटेलात कामाला. पासपोर्टचा अर्ज गावच्या पत्त्यावर. एका दुपारी हवालदार येतात, आई अंगणात कोकमं सुकवत असते.

"अमका हंयच रवता?"

"तो गोव्याक असता कामाक. पावसात येतलो."

आई काही चुकीचं बोललेली नाही. पण हवालदारांच्या कागदावर याचा अर्थ एकच होतो, अर्जदार इथे राहत नाही. ते पुढच्या घरी विचारतात, शेजारीण तेच सांगते. अहवाल गेला.

दुसरा नमुना होमस्टेवाल्यांचा. समुद्राकडच्या बाजूला चार खोल्या, मागे पडवीत घरची माणसं. सीझनला घरची माणसं कधी मामाकडे, कधी दुसऱ्या वाडीतल्या जुन्या घरी झोपायला जातात, कारण सगळ्या खोल्या बुक. दारावर पाटी होमस्टेची. हवालदार आत येतात तर समोर कामाला ठेवलेला मुलगा, तो बाहेरच्या राज्यातला, त्याला अर्जदाराचं कागदावरचं नावच माहीत नाही. त्याच्यासाठी मालक म्हणजे 'भाऊ'. तो सांगतो, मालक इथे नसतात. झालं.

तिसरा, चाकरमानी. नोकरी मुंबईत किंवा ठाण्याला, आधार मात्र हौसेने किंवा सोयीने गावच्या पत्त्यावर ठेवलेलं. अर्जही त्याच पत्त्यावर. घराला कुलूप, किल्ली चुलत्यांकडे. इथे शेरा पडला तर तो खराच आहे, त्यात पोलिसांचा दोष काढता येत नाही.

सध्याचा पत्ता म्हणजे कुठला

फॉर्ममध्ये सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन भाग आहेत. पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते. आमच्याकडे लोक दोन्हीकडे एकच, गावचा पत्ता टाकून मोकळे होतात, कारण पुरावा तिथला हाताशी असतो. गोव्यात किंवा मुंबईत वर्षाचे आठ महिने राहणाऱ्याने असं केलं की वरचा सगळा घोळ होतो.

नियमाने सध्याचा पत्ता म्हणजे तुम्ही आज जिथे राहता तो. तिथला पुरावा हवा: नोंदणीकृत भाडेकरार, चालू खात्याचं फोटो असलेलं बँक पासबुक, गॅस कनेक्शन, नावावर असलेलं वीजबिल, किंवा आधारवरचा पत्ता बदलून घेणं. नामांकित कंपनीत असाल तर त्यांच्या लेटरहेडवरचं पत्रही चालतं, पण हंगामी कामगाराला हॉटेलवाले असं पत्र देतीलच असं नाही.  खरं कुठे राहता ते लपवण्यात काही हशील नाही. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

माझं मत विचाराल तर हंगामी कामावर जाणाऱ्याने दोनपैकी एक रस्ता धरावा. कामाच्या ठिकाणचा पक्का पुरावा होत असेल तर सध्याचा पत्ता तिथला आणि कायमचा पत्ता गावचा. होत नसेल तर तो गावी येऊन राहतो त्या काळात अर्ज करावा, आणि पडताळणी होईपर्यंत गावीच थांबावं. मधला रस्ता, म्हणजे अर्ज गावचा आणि माणूस गोव्यात कळंगुटला, हाच फाईल अडकवतो.

२०१८ पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो, तुम्ही कुठे राहता याचा त्याच्याशी संबंध राहिलेला नाही. म्हणून सिंधुदुर्गातली मंडळी तारीख लवकर मिळते म्हणून पणजी निवडतात. निवडायला हरकत नाही. पण फाईल मग पणजी कार्यालयाची होते. पडताळणी तुमच्या गावचेच पोलीस करणार, आणि अहवाल बिघडला तर विचारपूस करायला पणजीलाच जायचं. हे धरून निवडा.

पोलीस ठाणं चुकतं ते असं

हे बारीक आहे, पण यात फार वेळ जातो. फॉर्ममध्ये जिल्हा निवडल्यावर पोलीस ठाण्याची यादी उघडते. लोक तालुक्याचं नाव बघून टिक करतात. किनाऱ्यावर तालुका, पोस्ट आणि पोलीस ठाणं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. मालवण तालुक्यात मालवण आणि आचरा अशी वेगळी ठाणी आहेत. देवगड तालुक्यात देवगड आणि विजयदुर्ग. गणपतीपुळे रत्नागिरी तालुक्यात, पण हद्द जयगड ठाण्याची. चुकीचं ठाणं निवडलं की फाईल तिथे जाते, ते म्हणतात आमची हद्द नाही, ती परत अधीक्षक कार्यालयात येते आणि तिथून बरोबर ठाण्याकडे निघते. मधल्या काळात स्टेटसवर काहीच हलत नाही आणि अर्जदाराला वाटतं कुणीतरी मुद्दाम अडवलं. आपलं गाव कुठल्या ठाण्यात हे पोलीस पाटलांना विचारलं की एका वाक्यात कळतं. फॉर्म भरायच्या आधी विचारा.

पत्ताही तसाच. 'मु. पो.' आणि गाव एवढ्यावर पोस्टमन पत्र आणून देईल, पण नवा आलेला पोलीस कर्मचारी तीन वाड्या फिरेल. वाडीचं नाव, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक आणि एखादी खूण लिहा: देऊळ, शाळा, जेटी. घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवर किंवा नमुना ८ च्या उताऱ्यावर असतो. होमस्टे असेल तर घराच्या पाटीवर व्यवसायाच्या नावाखाली कुटुंबाचं आडनावही असू द्या. रंगाचा खर्च होईल तेवढाच.

मोबाईल आणि ईमेल कुणाचा?

फॉर्म भरून देणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याचा नंबर आणि त्याचा ईमेल टाकू देऊ नका. हे मी फॉर्म भरून देणारा असून सांगतोय. तारखेचे निरोप, पोलीस ठाण्याशी संबंधित एसएमएस, पासवर्ड बदलण्याची लिंक, सगळं त्या नंबरवर आणि ईमेलवर जातं. दुकान बंद झालं, माणूस गाव सोडून गेला, की खातंच उघडता येत नाही. शिवाय हवालदार यायच्या आधी बहुतेक वेळा फोन करतात. तो फोन दुकानदाराला आला आणि त्याने गिऱ्हाइकांच्या गर्दीत उचलला नाही, तर पुन्हा येईलच याची खात्री नाही. देवबागसारख्या ठिकाणी घराच्या आत रेंज नसेल तर घरातल्या ज्याच्या कंपनीला रेंज आहे त्याचा नंबर पर्यायी म्हणून द्या.

आणि संकेतस्थळ एकच, पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. शोधलं की वर जाहिरातीत येणाऱ्या सारख्या नावाच्या साइट सरकारी नव्हेत. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानांची २०००, तत्काळला त्यावर आणखी २०००. याहून जास्त आकडा मागणारी साइट बंद करून टाका.

पडताळणीची तयारी

पासपोर्ट केंद्रावरून आलात की त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना, कामाला ठेवलेल्या मुलासकट, आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा. काय सांगायचं? खरं तेच, पण पूर्ण. 'तो इथेच राहतो, आता बोटीवर गेलाय, संध्याकाळी येईल, हा त्याचा नंबर.' अर्धं वाक्य बोलून थांबलं की शेरा पडतो. खोटं सांगायला मात्र कुणालाही लावू नका. हवालदार त्याच गावात वर्षानुवर्षं फिरत असतात, त्यांना कुणाचा मुलगा कुठे आहे ते तुमच्याआधी माहीत असतं.

एका पिशवीत मूळ कागद आणि झेरॉक्स तयार ठेवा: आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, दोन फोटो. घर आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर असलं तरी बिघडत नाही, कोकणात निम्मी घरं सामाईकच आहेत. तुमचं त्यांच्याशी नातं रेशनकार्डावरून दाखवता आलं की झालं. नाहीतर ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला जोडा. पडताळणीसाठी पोलिसांना कुठलीही फी द्यायची नसते. कुणी मागितलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

वेळही बघा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, होळी-शिमगा, मे महिन्यातले शनिवार-रविवार आणि गणपतीचे दिवस, या काळात ठाण्यातलं सगळं मनुष्यबळ बंदोबस्तात असतं आणि तुम्हीही धंद्यात बुडालेले असता. मच्छीमार आणि होमस्टेवाल्यांसाठी सगळ्यात चांगला काळ जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद, नौका वर ओढलेल्या, पाण्यातले खेळ बंद, गोव्यातली पोरं घरी आलेली. माणूस घरी सापडतो, हेच मुख्य. मर्चंट नेव्हीत किंवा क्रूझवर जाणाऱ्या मुलांनी तर सुट्टीवर उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकावा. नूतनीकरण मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, आणि बऱ्याच देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट बघण्यात अर्थ नाही. जुना पासपोर्ट मुदत संपून तीन वर्षांहून जास्त झालेला असेल तर फॉर्ममध्ये कारणाचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, तिथे घाई करू नका.

शेरा पडलाय, आता काय?

पहिलं म्हणजे नवा अर्ज करू नका. लोक हेच करतात. फी पुन्हा जाते आणि नव्या फॉर्ममध्ये 'आधी अर्ज करून पासपोर्ट मिळाला नाही असं झालंय का' या प्रश्नाला हो म्हणून जुना फाईल नंबर द्यावा लागतो. नाही म्हटलंत तर माहिती दडवली असा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

शेरा नेमका काय ते आधी काढा. पोलीस अधीक्षक कार्यालयात पासपोर्टचं काम बघणारं टेबल असतं. फाईल नंबर आणि ओळखपत्र घेऊन गेलात तर अहवालात 'राहत नाही' लिहिलंय की 'भेटला नाही' की 'कागद अपुरे' ते कळतं. ठाण्यात जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही. अहवाल एकदा वर गेला की तो ठाण्याला परत ओढता येत नाही. पुन्हा पडताळणीचा आदेश पासपोर्ट कार्यालयानेच द्यायचा असतो.

म्हणून पुढचा थांबा प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय. पोर्टलवरून चौकशीसाठी वेळ घेता येते. त्या दिवशी साधा अर्ज न्या: फाईल नंबर, शेरा काय पडला, त्या दिवशी मी कुठे होतो, आता मी या पत्त्यावर आहे, पुन्हा पडताळणी करावी ही विनंती. सोबत पत्त्याचे दोन-तीन पुरावे. कामावर होता तर हजेरी किंवा पगाराचा कागद, बोटीवर होता तर ते दाखवणारा कागद. कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं असेल तर त्याला उत्तर दिलेल्या मुदतीत गेलंच पाहिजे. गप्प बसलात तर फाईल बंद होते. राष्ट्रीय कॉल सेंटर १८००-२५८-१८०० वर स्थिती विचारता येते, पण निर्णय तिथे होत नाही.

आदेश झाला की घर सोडू नका. दुसऱ्यांदाही माणूस भेटला नाही तर तिसऱ्यांदा विनंती करताना तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

तत्काळबद्दल एक गैरसमज गावागावात आहे की जास्त पैसे भरले की पोलीस येत नाहीत. येतात. फक्त बहुतेक वेळा पासपोर्ट आधी हातात येतो आणि पडताळणी मागून होते. मागून आलेला अहवाल प्रतिकूल निघाला तर पासपोर्ट परत मागितला जाऊ शकतो, तोही तुम्ही व्हिसा काढून तिकीट घेतल्यावर. पत्त्याचा घोळ असलेल्याने तत्काळ करणं म्हणजे घोळ पुढे ढकलणं.

खरोखरच केस असेल तर गोष्ट वेगळी. किनाऱ्यावर मासेमारीच्या वादातून झालेल्या आंदोलनातल्या, रस्ता अडवल्याच्या जुन्या केसेस बऱ्याच तरुणांवर असतात आणि कित्येकांना त्या चालू आहेत हेही ठाऊक नसतं. फॉर्ममध्ये ते खरं लिहा. कोर्टात खटला चालू असेल तर त्या कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी आणावी लागते. २५ ऑगस्ट १९९३ च्या जीएसआर ५७० या अधिसूचनेप्रमाणे अशा परवानगीवर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो, आणि कोर्टाने मुदत लिहिलेली नसेल तर तो एक वर्षाचा निघतो. म्हणून वकिलांना सांगून आदेशात मुदत स्पष्ट लिहून घ्या.

नावाचा घोळही येतो, पण कमी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पुढे, आधारवर मागे, एवढ्याने काही होत नाही. फॉर्ममध्ये पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दुसऱ्यात आडनाव, सगळं पूर्ण. आद्याक्षरं चालत नाहीत. दाखल्यावर जुनं गावकर आणि आधारवर आता लावत असलेलं दुसरं आडनाव असेल तर मात्र आधी कागद एकसारखे करा, मगच तारीख घ्या.

छापून आला, पण घरी पोचला नाही

एवढं सगळं सुरळीत होऊन शेवटी पोस्टात अडकलेल्या फायली मी बघितल्यात. पासपोर्ट स्पीड पोस्टाने सध्याच्या पत्त्यावर येतो आणि पोस्टमन तो अर्जदाराच्याच हातात, ओळखपत्र बघून देतात. होमस्टेवर आलेल्या पाहुण्याच्या किंवा कामगाराच्या हातात देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दार बंद मिळत राहिलं की पाकीट पासपोर्ट कार्यालयात परत. मग ते सोडवायला पुन्हा प्रवास आणि पुन्हा अर्ज. पासपोर्ट पाठवल्याचा एसएमएस आला की त्यातला स्पीड पोस्टचा नंबर घेऊन गावच्या पोस्टात जा आणि पोस्टमास्तरांना सांगून ठेवा की आलं की फोन करा, मी स्वतः येऊन घेतो. हातात पडल्यावर पोस्टातच उघडा आणि नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ वाचून घ्या. चूक दिसली तर त्याच आठवड्यात पासपोर्ट कार्यालयाला कळवा.